परदेशवारीचे कागद : वाचकांचे प्रश्न

सुट्टीच्या तीन-चार महिने आधी या सदराच्या टपालात व्हिसाशिवाय दुसरा विषय नसतो. यंदाची पत्रं चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कागद कमी पडला म्हणून अडलेले थोडे आहेत. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतंच असल्यामुळे अडलेले जास्त. फी आणि मुदती बदलत राहतात, म्हणून अर्ज भरायला बसाल त्या दिवशी आकडा संबंधित देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळून घ्या.

प्रश्न : जुलैत आम्ही पाच जण तेरा रात्रींसाठी निघतोय. पॅरिस ४, स्वित्झर्लंड ५, इटली ४. विमान पॅरिसला उतरतं. स्वित्झर्लंडची अपॉइंटमेंट मिळत नाही, फ्रान्सची मिळतेय. फ्रान्सकडे अर्ज केला तर चालेल ना? सोबत पत्नी (गृहिणी), दोन मुलं (१४ आणि ९) आणि माझे निवृत्त वडील आहेत. — एक वाचक, कोथरूड

नाही चालणार. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज सगळ्यात जास्त मुक्काम ज्या देशात, त्याच देशाकडे करायचा. मुक्काम समसमान असेल तरच पहिल्यांदा जिथे प्रवेश करणार तो देश धरतात. तुमचा अर्ज स्वित्झर्लंडचा, विमान कुठेही उतरो.

यावर काही एजंट एक तोडगा सुचवतात. कागदावर पॅरिसच्या दोन रात्री वाढवायच्या, हॉटेलचं बुकिंग जोडायचं आणि व्हिसा हातात आला की रद्द करायचं. हे करू नका. बुकिंगची खातरजमा होऊ शकते, सीमेवरचा अधिकारी मुक्कामाचे पुरावे मागू शकतो, आणि खोटी माहिती देऊन मिळवलेला व्हिसा रद्द करता येतो. बेत खरोखरच बदलता येत असेल तर गोष्ट वेगळी. पॅरिस पाच, स्वित्झर्लंड चार, इटली चार असं केलंत तर फ्रान्सचा अर्ज रीतसर होतो. मग फिरायचंही तसंच.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो. जुलैचा प्रवास असेल तर जानेवारीपासून दार उघडं असतं. आपल्याकडे मुलांच्या परीक्षा झाल्यावर सगळे एकदम जागे होतात आणि मग तारखा मिळत नाहीत. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे. सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. म्हणजे तुमच्या धाकट्याची निम्मी, थोरल्याची पूर्ण. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा. बाराच्या आतल्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. बाकीच्यांचे एकदा दिले की ५९ महिने चालतात.

अर्ज पुण्यातल्या केंद्रात देता येतो का, हे देशागणिक बदलतं. बऱ्याच देशांचं अर्ज घेण्याचं काम व्हीएफएस या खासगी कंपनीकडे आहे, स्पेनचं बीएलएसकडे. कुठल्याही केंद्रात दिलात तरी निर्णय तिथे होत नाही, तो दूतावास घेतो. त्यामुळे 'काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, एवढं पुरेल' या वाक्यावर विसंबू नका. मॅडम फक्त यादीशी कागद ताडून पाहतात.

आता पैशांचा पुरावा. अर्ज परतण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ॲपवरून काढलेलं, शिक्का नसलेलं बँक स्टेटमेंट. शेवटच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट (काही देश सहा मागतात) शाखेतून, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही घेऊन आणा. खातं सहकारी बँकेत असलं तरी चालतं. तपासणारा शेवटच्या ओळीतली शिल्लक पाहतोच, पण त्याआधी खात्याची चाल पाहतो. दर महिन्याला पगार येतो का, खर्च किती होतो, शिल्लक कुठे स्थिरावते. चाळीस हजारांवर रेंगाळणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात सहा लाख जमा झाले की प्रश्न उठणारच. एफडी मोडली असेल तर मोडल्याची पावती जोडा. मुळात मोडायची गरजच नसते. एफडीचं प्रमाणपत्र तसंच लावता येतं.

पत्नीचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर खर्च तुम्ही करणार असल्याचं पत्र, तुमची आयकर विवरणपत्रं आणि विवाह प्रमाणपत्र जोडा. वडिलांसाठी पेन्शनचं खातं, पेन्शनचा आदेश आणि असल्यास घराची कागदपत्रं. मुलांच्या शाळेचं पत्र आणि तुमच्या कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र यांतल्या तारखा एकमेकींशी आणि विमानाच्या आरक्षणाशी जुळल्या पाहिजेत. कंपनीनं १० ते २२ जुलै रजा दिली आणि तिकीट २४ चं, ही चूक हमखास होते, कारण पत्र आधी घेतलेलं असतं आणि बेत नंतर बदलतो.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि निघण्या-परतण्याचे दोन्ही दिवस धरणारा हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, सहा महिन्यांच्या आतला. 'पासपोर्ट साइज' एवढंच सांगितलं तर स्टुडिओवाला त्याच्या नेहमीच्या मापाचा देतो, म्हणून आकडा सांगा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी असलेला. विमानाचं फक्त आरक्षण द्या. परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका.

प्रश्न : आमचं लग्न १९८४ सालचं. नोंदणी केलेली नाही. मुलानं युरोपची सहल ठरवली आहे आणि एजंट विवाह प्रमाणपत्र मागतोय. — एक वाचक, सदाशिव पेठ

आता नोंदणी करता येते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार तुमच्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात नमुना 'ड' भरून द्यायचा. तीन साक्षीदार लागतात. लग्नपत्रिका सापडली तर उत्तम, नसली तर प्रतिज्ञापत्र. लग्न लावणारे गुरुजी हयात नसतील तर काय करायचं, हे अर्ज भरण्याआधीच कार्यालयात विचारून घ्या, म्हणजे फेरी वाचते. प्रमाणपत्रावरचं पत्नीचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांचं इंग्रजी स्पेलिंग एक आहे ना, हे तिथेच खिडकीसमोर उभं राहून तपासा. नंतर दुरुस्ती करायला जास्त दिवस जातात.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी १० जानेवारी ते २० मार्च २०२६ मी जर्मनीत होतो. व्हिसा दोन वर्षांचा, मल्टिपल एंट्रीचा आहे. आता १ ते २५ जून कुटुंबासोबत इटलीला जायचंय. व्हिसा चालू आहे, मग अडचण काय? — एक वाचक, हिंजवडी

अडचण दिवसांची आहे. व्हिसा दोन वर्षांचा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत शेंगेन भागात ९० पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही. हे १८० दिवस जानेवारीपासून किंवा पहिल्या प्रवेशापासून मोजायचे नसतात. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून शेवटचे १८० दिवस पाहायचे आणि त्यात किती दिवस भरले ते मोजायचे. उतरलेला आणि निघालेला, दोन्ही दिवस धरतात.

तुमचा हिशेब असा. जानेवारीचे २२, फेब्रुवारीचे २८, मार्चचे २०, एकूण ७०. जूनमध्ये २० तारखेला ९० पूर्ण होतात. २१ जूनपासून पुढचा प्रत्येक दिवस बेकायदा मुक्काम. २५ जूनला मागचे १८० दिवस मोजले तर ते २८ डिसेंबरपर्यंत जातात, म्हणजे जर्मनीचे सत्तरच्या सत्तर दिवस अजून हिशेबात असतात.

हीच सहल १ ते २५ जुलै ठेवा. ८ जुलैला तुमचे ७८ दिवस भरलेले असतील. ९ जुलैपासून मात्र रोज एक नवा दिवस वाढतो आणि जानेवारीतला एक जुना दिवस गळतो. आकडा शेवटपर्यंत ७८ वरच राहतो. महिनाभर पुढे ढकललं की प्रश्नच संपला.

जर्मनीत तुम्ही राष्ट्रीय दीर्घ मुदतीच्या व्हिसावर किंवा निवास परवान्यावर असता तर ते दिवस या ९० मध्ये धरले नसते. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या चिकटपट्टीवर 'सी' (अल्प मुदत) लिहिलंय की 'डी' (दीर्घ मुदत), ते पाहा. 'सी' असेल तर वरचा हिशेब लागू. शिक्क्यांवरून बोटं मोजणारा अधिकारी चुकेल ही आशा आता सोडा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्यानं सुरू केली आहे आणि दिवस यंत्रच मोजतं.

प्रश्न : माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, आधार-पॅनवर सासरचं. दुबईचं तिकीट कोणत्या नावानं काढू? मुलीच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे, पूर्ण नाव पहिल्या रकान्यात आहे. — एक वाचक, बिबवेवाडी

तिकीट पासपोर्टप्रमाणे. आधार-पॅनवरच्या नावाचा या तिकिटाशी काही संबंध नाही. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची सक्ती नाही, आणि माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर खुशाल जग फिरता येतं. पतीच्या खर्चानं जात असाल तर दोन आडनावांना जोडणारा दुवा म्हणून विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवा.

आपल्या मराठी नावांत मधलं नाव वडिलांचं किंवा पतीचं असतं आणि पासपोर्टमध्ये ते स्वतःच्या नावासोबत एकाच रकान्यात छापलेलं असतं. फॉर्म भरताना कोणी ते गाळतं, कोणी आडनावाला चिकटवतं. शंका आली की फोटोच्या पानावरच्या सगळ्यात खालच्या दोन ओळी वाचा. पहिल्या ओळीत 'पी', मग देशाचं लघुरूप, त्यापुढे आडनाव, मग दोन कोनी खुणा आणि त्यानंतर नाव व मधलं नाव. विमानतळावरचं यंत्र हीच ओळ वाचतं. दोन कोनी खुणांच्या आधी जे आहे ते आडनाव, नंतरचं सगळं नाव. फॉर्ममध्ये तेच आणि तसंच उतरवायचं.

मुलीच्या पासपोर्टचं काम मात्र आधी करा. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटक व्हिसासाठी एकाच रकान्यात नाव असलेले पासपोर्ट नाकारायला सुरुवात केली. नंतर, पासपोर्टवर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव दुसरीकडे छापलेलं असेल तर चालेल, असा खुलासा झाला. पण चेक-इनच्या खिडकीवर, रात्री दोन वाजता, हा खुलासा समोरच्याला माहीत असेलच असं नाही. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिलं नाव अज्ञात) छापलं जातं. मग ते पुढे प्रत्येक कागदावर मागे लागतं.

त्यापेक्षा नाव दोन रकान्यांत नीट विभागून पासपोर्ट पुन्हा काढा. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर 'री-इश्यू' निवडून वैयक्तिक तपशिलात बदल हे कारण द्यायचं आणि अपॉइंटमेंट घेऊन मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. जन्मदाखला आणि आईवडिलांचे पासपोर्ट बरोबर न्या. हे झाल्यावरच व्हिसा आणि तिकीट, कारण पासपोर्टचा क्रमांक बदलतो.

प्रश्न : आईचं वय ८१. तिचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा दोन वर्षांपूर्वी संपला. ऐंशीच्या पुढच्यांना मुलाखत नसते असं ऐकलंय. वडिलांचा व्हिसा चालू आहे, पण तो ज्या पासपोर्टवर आहे तो संपलाय. — एक वाचक, औंध

ऐकलेलं आता जुनं झालं. सप्टेंबर २०२५ पासून १४ च्या आतल्यांची आणि ७९ च्या वरच्यांची सरसकट सूट गेली. पर्यटक व्हिसाच्या नूतनीकरणाला मुलाखतीतून सूट मिळते ती आधीचा पूर्ण मुदतीचा व्हिसा संपून बारा महिने व्हायच्या आत अर्ज केला तरच. पूर्वी ही मुदत बरीच मोठी होती, त्यावर विसंबून अनेकांनी वेळ घालवला. तुमच्या आईंना मुलाखत द्यावी लागेल.

पुण्याला वकिलात नाही, मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात जावं लागतं. एकदा फोटो आणि बोटांचे ठसे, एकदा मुलाखत. दोन्ही लागोपाठच्या दिवशी मिळाल्या तर ज्येष्ठांसाठी रात्रीचा मुक्काम तिथेच करा. पहाटे एक्स्प्रेस वेवर अडकून अपॉइंटमेंट हुकवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते. आईंना इंग्रजी जड जात असेल तर संकोच न करता मराठी निवडा. पाठ केलेलं मोडकं इंग्रजी कोणाच्याच उपयोगाचं नाही.

डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म भरताना दोन जागी चुका होतात. गेल्या पाच वर्षांतले परदेश प्रवास आणि समाजमाध्यमांवरची खाती विचारलेली असतात. मुलगा घाईत 'काही नाही' लिहून टाकतो आणि आईच्या नावे फेसबुक असतं. दुसरी चूक म्हणजे फॉर्म दुरुस्त करून पुन्हा भरला की त्याचा क्रमांक बदलतो, आणि अपॉइंटमेंटवर जुनाच राहतो. दोन्ही क्रमांक जुळले नाहीत तर दारातून परत पाठवतात.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. जाडजूड फाइल बहुधा उघडलीही जात नाही. कुणाकडे चाललात, तो काय करतो, किती दिवस, इथे मागे कोण आहे, खर्च कोण करणार. खरं आणि थोडक्यात सांगायचं. त्या देशाचा कायदा प्रत्येक पर्यटकाला 'हा तिथेच राहायला आलाय' असंच धरून चालतो. परत येणार हे पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची. म्हणून 'मुलगा म्हणेल तितके दिवस' या उत्तरापेक्षा 'तीन महिने, दिवाळीच्या आत परत' हे उत्तर बरं.

वडिलांचं काम सोपं आहे. नवा पासपोर्ट काढा आणि दोन्ही पासपोर्ट बरोबर न्या. जुना पासपोर्ट रद्द करताना कोपरा कापतात, पण व्हिसाचं पान शाबूत असेल तर तो व्हिसा चालतो. व्हिसाची पट्टी सोलून नव्या पासपोर्टवर चिकटवू नका. हे सांगावं लागतं, कारण असं करणारे आहेत. केलं की व्हिसा बाद.

आणखी एक. व्हिसावरची तारीख ही मुक्कामाची मुदत नव्हे. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ या नोंदीत येतं. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात, कमीही मिळू शकतात. पोहोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलाला ती नोंद संकेतस्थळावरून उतरवून घ्यायला सांगा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. मुक्काम वाढवायचा असेल तर ती तारीख उलटण्याआधी आय-५३९ हा अर्ज गेला पाहिजे. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त काढले तर परतल्यावर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर काढलं तर दहा वर्षं.

प्रश्न : शेंगेन व्हिसा नाकारला. पत्रात 'मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती पटलेली नाही' या कारणापुढे खूण आहे. लगेच दुसऱ्या देशाकडे अर्ज करू का? — एक वाचक, पिंपळे सौदागर

लगेच करायला बंदी नाही, पण तीच फाइल घेऊन गेलात तर निकालही तोच. नकाराची नोंद सगळ्या शेंगेन देशांना दिसते.

या खुणेचा अर्थ बहुतेक वेळा असा की बेताच्या कागदांत कुठेतरी भोक आहे. एकेक दिवस लिहून काढा : तारीख, शहर, हॉटेल, पुढच्या शहराला कसं जाणार. झ्युरिकचं हॉटेल १६ ला संपतं, मिलानचं १७ ला सुरू होतं, मधली रात्र कुठे? अर्जात 'पर्यटन' लिहिलं आणि पत्रात 'मित्राला भेटणार' म्हटलं, मग मित्राचं निमंत्रण कुठे? हॉटेल एकाच्याच नावानं आणि अर्जदार दोन? असं भोक सापडलं की ते बुजवून नवा अर्ज करा आणि सोबतच्या पत्रात आधीच्या नकाराचा उल्लेख स्वतःच करून काय बदललं ते दोन ओळींत लिहा. खूण 'परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका' या कारणापुढे असती तर रोख नोकरी, घर, कुटुंब यांच्या पुराव्यावर ठेवावा लागला असता.

दाद मागण्याची रीत देशागणिक वेगळी आहे आणि ती नकाराच्या पत्रातच लिहिलेली असते. जर्मनीनं फेरविचाराचा मोफत अर्ज १ जुलै २०२५ पासून बंद केला. तिथे आता नवा अर्ज किंवा न्यायालय. यापुढे ब्रिटन, कॅनडा, अमेरिका यांच्या फॉर्ममध्ये 'कधी व्हिसा नाकारला गेलाय का' असं विचारलं की 'हो' लिहा. नकार झाकला गेला तर तो खोटेपणा ठरतो, आणि नकारापेक्षा ते कितीतरी महागात पडतं.

प्रश्न : दिवाळीला मुलगी दुबईत, पुतण्या म्युनिकला, भाची सिडनीला. प्रत्येकासाठी फराळ न्यायचाय. काय चालतं? — एक वाचक, सहकारनगर

दुबईपासून सुरुवात करू, कारण धोका तिथे मोठा आहे. खसखस तिथे बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते. अनारशाला लावलेली, करंजीच्या सारणात घातलेली, गोड्या मसाल्यात कुटलेली, सगळी. 'चिमूटभरच आहे' हा बचाव चालत नाही. अनारसे न्यायचे तर खसखशीशिवाय करा आणि घरच्या मसाल्याचा डबा इथेच ठेवा. सिंगापूरलाही हाच नियम पाळा. शिवाय तिथे तंबाखू, गुटखा, मावाही नको. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असेल तर अमिरातीसाठी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते.

म्युनिकला दुधाचं काही नाही. युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा, तूप सगळं त्यात आलं. चकली, शेव, चिवडा, बाकरवडी यांना हरकत नाही. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की ताजी फळं-भाज्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सवलत आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन यांना. हापूस त्यात नाही. कढीपत्ताही नाही, आणि तो अमेरिकेतही काढून घेतात.

सिडनीचा नियम असा की खाण्याचं जे काही असेल ते प्रवेशाच्या कार्डावर जाहीर करायचं. दुधाच्या मिठाया टाकून देतील, पण जाहीर केलं असेल तर दंड होत नाही. लपवलं तर जागेवर दंड, आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. डबे पारदर्शक ठेवा, वर इंग्रजीत काय आहे ते लिहा आणि सगळं खाणं एकाच बॅगेत भरा, म्हणजे उघडून दाखवायला सोपं जातं.

निघतानाची अडचण खोबऱ्याची. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून मार्च २०२२ पासून भारतीय विमानतळांवर चेक-इनच्या सामानातही चालत नाही. वाट्या दिसल्या की बॅग उघडायला लावतात.

काही छोटे प्रश्न

*नेपाळला आधारवर जाता येतं का?* व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड हवं. आधारची सवलत फक्त १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना. आजी आधारवर जातील, तुम्ही नाही. भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. मुलांचा जन्मदाखला ठेवा. तिथे भारतीयांना माणशी रोज रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, ते हॉटेल-गाडीच्या खर्चात धरलंय का ते विचारून घ्या.

*थायलंडला व्हिसा नाही, मग फॉर्म कसला?* मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड सक्तीचं आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते मोफत असतं. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते खासगी आहे एवढं समजा. सिंगापूर आणि मलेशियाचंही असंच कार्ड असतं, तेही मोफत.

*जपानचा ई-व्हिसा छापून नेऊ का?* छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. मोबाइलवर इंटरनेट जोडून तिथल्या तिथे उघडून दाखवावा लागतो. घरच्यांचे व्हिसा एकाच फोनवर असतील तर तो चार्ज करून न्या आणि उतरताक्षणी नेट चालेल अशी सोय मुंबईतच करा.

*केनियाच्या सफारीला पिवळ्या तापाची लस कशाला, तिथला व्हिसा तर ऑनलाइन मिळतो?* केनियाला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते, ते बरोबर. लसीचा दाखला मात्र परतताना आपल्याच देशात लागतो. तो नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे येणाऱ्यांनाही हे लागू होऊ शकतं. लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो आणि मग आयुष्यभर चालतो, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. ही जिवंत लस आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना देत नाहीत. साठीच्या पुढे, गरोदरपणात किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ती केंद्र सरकारच्या यादीतल्या केंद्रातच घ्यायची, कारण खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीला विमानतळावर किंमत नाही. पिवळी पुस्तिका हातात आली की लसीचा बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का आणि पासपोर्टप्रमाणे नाव आहे ना ते बघा, आणि तुमची स्वतःची सही तिथेच करून टाका.